कुरकुऱ्या हाडाचा मान

भागोजीच्या धाकट्या लेकीचं, गोदूचं लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे सन १९२८ च्या माघात, तिचा सासरा येसाजी माडावरून पडला. ही बातमी घेऊन नारळ पाडणारा रघू नागावहून बैलगाडी पिटाळत आला, तेव्हा भागोजी अंगणात शेळीचा मोडलेला पाय मांडीवर घेऊन बसला होता. बांबूच्या दोन कांब्या लावून तो वरून चिंधी गुंडाळत होता आणि शेळीला शिव्या देत होता.

"वैद्यबाबा, चला बिगीनं. येसाजीशेटचा खांदा निखळलाय."

"कितीवरनं पडले?"

रघूनं मागंपुढं बघितलं. "ते म्हंतात, शेंड्यावरनं."

"आनि तू काय म्हंतोस?"

"शेंडा वरच व्हता. ते खाली व्हते." रघूनं आपल्या छातीपर्यंत हात नेऊन दाखवला. "मला शिकवत व्हते, माडावर कसं चढायचं ते. तीस वर्सं झाली मला माडावर, पन म्हनाले, तुझा पाय चुकतो. तिसऱ्या खाचेला त्यांचाच पाय सुटला. हात काय सोडला न्हाय. एका हातावर लोंबले पिकल्या झावळीवानी."

"मग खांदाच निघायचा," भागोजी म्हणाला आणि त्यानं शेळीला खाली सोडलं.

एवढ्यात त्याची बायको मनुबाई चुलीपुढून उठून दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"देव हाय म्हनायचा," ती म्हणाली. "अवो, आता ऐका माझं. आधी लेक मागा, मग हाताला हात लावा."

"तसं करता येत न्हाय."

"का येत न्हाय? त्यांनी अडवून धरली, तुम्ही बी अडवा!"

गोदूला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातवा महिना सरायला चार दिवस उरले होते, आणि आठवा लागला की गर्भारणीला वेस ओलांडू देत नाहीत. म्हणजे चार दिवसांत ती आली तर आली, नाहीतर पोरीला सासूच्या हाताखाली परक्या सुइणीकडून बाळंत व्हायचं होतं. मनुबाईनं दोनदा निरोप धाडला होता. एकदा भागोजी स्वतः जाऊन आला होता. तेव्हा येसाजीनं ओटीवर बसल्या बसल्या सांगितलं होतं, "आमचे गुडघे वाजतात ना! गाडीपत्तर सुनेला पोचवायला चालवत न्हाय आमच्यानं."

या गुडघ्यांचं मूळ लग्नात होतं. लग्नानंतर मटणाचं जेवण झालं. त्या पंगतीत व्याह्याच्या पानात नळी पडायची असते. चांगली मांडीची, आत मगज भरलेली, ठोकून ओरपायची. तो मान. भागोजी स्वतः वाढायला उठला. त्यानं व्याह्याला चालताना पाहिलं होतं, आणि हाडवैद्याचे डोळे लग्नातसुद्धा हाडावरच असतात. त्यानं सगळ्या पातेल्यात शोधून शोधून सांध्यावरचे, फऱ्याच्या कडेचे पांढरे कुरकुरे तुकडे वेचले आणि मोठ्या प्रेमानं येसाजीच्या पानात घातले. वर सबंध पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "नळीत काय हाय, याही? तुमचे गुडघे वाजतात. हे कुरकुरं हाड खावा. जिथलं झिजलंय तिथं जाऊन बसंल."

पंगतीत कोणीतरी हसलं. येसाजीच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या पानात नळी होती. येसाजीनं ती पाहिली, आणि पानावरून उठला. हाडं ओळखण्यात अख्ख्या चौलात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यानं चुकीचं हाड वाढून लेकीचं सासर नासवलं.

"जातो," भागोजी म्हणाला आणि बांबूच्या कांब्या न घेता, नुसतं पांढरं धोतर फाडून केलेलं फडकं खांद्यावर टाकून गाडीत बसला. खांद्याला कांब्या लागत नाहीत.

भागोजीच्या बापानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, हाताला अट लावायची नाही. मोबदला घ्यायचा नाही, नडलेल्याला अडवायचं नाही. अट घातली की हात अटीचा विचार करतो, हाडाचा करत नाही. दुसरी गोष्ट शिव्यांची होती.

तिचं असं होतं. कमरेच्या हाडाची वाटी उखळासारखी खोल असते, म्हणून मांडी सहसा निखळत नाही. खांद्याची वाटी मात्र बशीसारखी उथळ. बशीत लिंबू ठेवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात बसलेला असतो. म्हणून तर हात चहूकडं फिरतो, आणि म्हणूनच निखळतो. बशीला काठ असतो तो मऊ हाडाचा. मुशी मासा कापताना कोळणीच्या पाटीत दिसतं तसलं. मुशीच्या अख्ख्या अंगात टणक हाड नाही, सगळं हेच, आणि तरी ती जाळं फाडते. हाडांच्या टोकांवरही त्याचाच थर असतो, शहाळ्याच्या मलईसारखा गुळगुळीत, म्हणजे हाड हाडावर घासू नये. आता खांदा निखळला की आजूबाजूचं मांस भीतीनं मूठ आवळतं. त्या आवळलेल्या मुठीशी ताकदीनं झोंबलं तर तो मऊ काठ फाटतो आणि मग खांदा जन्मभर शिंकलं तरी निसटतो. म्हणून माणसाचं ध्यान दुसरीकडं न्यायचं. भागोजीचा बाप अशी एक शिवी हासडायचा की आजारी माणूस उलट बोलायला तोंड उघडायचा. तोंड उघडलं की मूठ सुटली. त्या एका क्षणात हाड घरात.

भागोजीनं या रीतीनं आजवर भटांचे, खोतांचे, एका फौजदाराचेसुद्धा सांधे बसवले होते. फौजदाराला दिलेली शिवी चौलात अजून लोक सणासुदीला आठवत.

पण व्याह्याला शिवी द्यायची कशी?

येसाजी ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. उजवा खांदा चौकोनी झालेला, हात पोटाशी धरलेला, चेहरा ताठ. त्याची बायको आवडाबाई वारा घालत होती. दाराआड गोदू उभी होती. तिचं वाढलेलं पोट तेवढं दिसत होतं. दोन वर्षांत ती सासऱ्याशी "व्हय" आणि "वाढू का" यापलीकडं बोललेली नव्हती.

"या, याही," येसाजी म्हणाला. "सांगा तुमची अट."

"अट न्हाय."

"उगाच लाजू नका. लेक पायजे ना? सांगा तसं. मी न्हाय म्हनीन. मग तुम्ही न्हाय म्हना."

"माझी अट न्हाय," भागोजी पुन्हा म्हणाला. दाराआडचं पोट जरा मागं सरकलं, हे त्यानं पाहिलं. पण हात स्वच्छ होते. तो व्याह्याच्या शेजारी बसला, डोळे मिटले आणि बोटांनी खांदा चाचपला. गोळा पुढं, खाली उतरलेला. हाड शाबूत होतं. त्यानं हात कोपरात दुमडून धरला.

"याही, खांदा ढिला सोडा."

"सोडलाय."

खांदा जात्याच्या खुंट्यासारखा कडक होता.

"आनखी सोडा."

"आनखी सोडला तर खाली पडंल!"

भागोजीनं घाम पुसला. मग व्याह्याचा मान राखून जेवढं वाईट बोलता येईल तेवढं बोलायचा त्यानं प्रयत्न केला. "याही... लोक म्हंतात, तुम्ही जरासे हट्टी हायेत."

"बराबर म्हंतात," येसाजी म्हणाला. खांदा आणखी ताठला.

"आनि... वाईच रागीट."

"आमचा बा बी व्हता."

"तुमची मिशी..." भागोजी अडखळला.

"काय मिशीचं?"

"बरी हाय."

"अवो वैद्य!" आवडाबाई कळवळली. "तुम्ही शिव्या देता म्हनं! मग द्या की! मानूस मरतंय हिकडं!"

"इहीनबाई, माझी लेक तुमच्या घरात हाय. मी कोनत्या तोंडानं शिवी देऊ?"

"मला कोन शिवी देतो ते बघतोच," येसाजी दात आवळून म्हणाला. दातांबरोबर मानही आवळली, मानेबरोबर खांदा. भागोजीला वाटलं, आपण दगडी देवळाचा खांब फिरवतोय. वेळ जात होता, सूज चढत होती. तासाभरानं हे हाड कोणालाच बसवता आलं नसतं.

तेव्हा दाराआडून गोदू बाहेर आली. तिनं पदर सारखा केला, सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि हात कमरेवर ठेवून म्हणाली,

"मामंजी, शिंक्यातलं सुकं बोंबील कोन खातं, ते मला ठाव हाय."

येसाजीनं तिच्याकडं पाहिलं.

"दुपारी आत्याबाई झोपल्या की तुम्ही पाटावर उभं ऱ्हाता. चार-चार बोंबील चुलीत भाजून खाता आनि काटं मांजरीपुढं टाकता. मांजरीला केरसुनीनं बडवून घराभायेर काढली. मग बोंबील तरी बी संपतंच, तर आत्याबाई आळीभर सांगत सुटल्या, सुनेला डव्हाळं लागल्यात, चोरून खाते. मी ऐकून घेतलं. तीन म्हयने ऐकून घेतलं! येवढी मोठी मिशी घेऊन सुनेच्या नावावर बोंबील खाता, तुम्हाला लाज कशी..."

"ए सटवे!" येसाजीनं तोंड वासलं.

कट् असा आवाज झाला. रघू म्हणायचा, तो त्याला अंगणात ऐकू आला.

भागोजीनं डोळे उघडले. खांदा गोल झाला होता. त्यानं दोन बोटांनी काठ चाचपून पाहिला, हात हळूच पोटाशी आणला, आणि फडक्याची झोळी करून गळ्यात बांधायला घेतली. येसाजीला अजून काही कळलं नव्हतं. तो लेकीसुनांना द्यायच्या सगळ्या शिव्या एकामागून एक काढत होता, आणि गोदू थांबत नव्हती. ती आता बोंबलांवरून मिठाच्या बरणीच्या गाऱ्हाण्यापर्यंत आली होती.

"दुखतंय का?" भागोजीनं मधेच विचारलं.

येसाजी थांबला. खांदा हलवायला गेला.

"हलवू नका. तीन आठवडे झोळीत. हाड घरात गेलं, पन घराचा उंबरा सुजलाय."

आवडाबाईच्या हातातला पंखा थांबला होता. ती उठली, शिंक्याखाली गेली, पाटाकडं पाहिलं, पाटावरच्या मोठ्या पावलाच्या ठशाकडं पाहिलं, आणि परत आली.

"तुम्ही?" ती एवढंच म्हणाली.

त्या एका शब्दापुढं माडावरून पडणं काहीच नव्हतं. येसाजीला बायकोकडं बघवेना, म्हणून तो सुनेवर उसळला.

"ही पोर माझ्या घरात नको! याही, घिऊन जा तुमची लेक!"

"कधी?" भागोजीनं नम्रपणे विचारलं.

"आता! ह्या घडीला! गाडी जुपलेलीच हाय, बसवा आनि चालू पडा!"

"बाळतीन होऊन सव्वा म्हयना होईस्तवर धाडू नका तिला," आवडाबाई म्हणाली. ती नवऱ्यानं सुनेला दिलेल्या शिक्षेत भर घालतेय असं वाटत होतं, पण तिनं आतून गोदूचं गाठोडं आणलं, त्यात आपलं एक जुनं मऊ लुगडं बाळाच्या दुपट्यासाठी कोंबलं, आणि नवऱ्याकडं पाठ करून सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं.

गाडी अलिबागच्या रस्त्यावरून चौलाकडं वळली. पुढं रघू बैलांना हाकत होता, पण त्याची पाठ हसून हसून हलत होती. भागोजीनं विचारलं,

"गोदू, तू हाडासाठी बोललीस, का मनापासनं?"

गोदूनं मांडीवरचं गाठोडं नीट केलं.

"हाडासाठी असतं तर कट् झालं तवाच थांबले असते, बा."

तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी येसाजी आला, हात झोळीतून सुटलेला, मिशी जरा खाली. पोरीला पाहून म्हणाला, ही सगळी मऊच हाय की! भागोजीनं त्याला तिच्या टाळूवर हलकेच बोट ठेवायला लावलं, हाड अजून मिटायचं आहे ते दाखवलं. त्या दिवशी मटण होतं. मनुबाईनं नळी स्वतः वाढली, भागोजीला पातेल्याजवळ जाऊ दिलं नाही.

पुढं गोदू सासरी बोलू लागली. एकदा उघडलेलं तोंड मिटत नाही. येसाजी गावभर तक्रार करी की सून फार बोलते, आणि तिनं विचारल्याशिवाय पाणी पीत नसे.

सन १९३६ च्या चैत्रात भागोजीला ताप भरला, तो उतरेना. येसाजीला कळलं, तेव्हा त्यानं कोणी मागायच्या आत गाडी जुपली आणि गोदूला आपण होऊन धाडलं. ती आली तेव्हा भागोजीला माणसं नीट ओळखू येत नव्हती. तिनं हात त्याच्या हातात दिला. त्याचा अंगठा तिच्या मनगटाच्या हाडावरून हळूहळू फिरू लागला, सवयीनं, कुठं मोडलंय का ते बघत. ती तशीच बसून राहिली.

भागोजी सन १९३६ च्या वैशाख शुद्ध पंचमीला, दिवस उगवायला वारला. लेक जवळ होती.