नऊ चिठ्ठ्या

"तीच चिठ्ठी निघनार बघा. अन् साहेब ती ठिवून देनार," शांतवनमामा माझ्या कानाशी पुटपुटले. "आन् आपन पुन्हा नोहाच्या तारवाची लांबी-रुंदी शिकनार."

शेवगावजवळच्या आमच्या चर्चमध्ये उपासना संपली की मोठ्यांची शब्बाथ शाळा भरते. आम्ही नऊ जण. ज्याला जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. पाळकसाहेब एक उचलतात आणि तिच्यावर बोलतात. नाव लिहायचं नाही, म्हणजे कुणाला लाज नको. पण बाकी आठ जणांना लिहिता येत नाही, त्यांच्या चिठ्ठ्या मीच लिहून देते, त्यामुळे सगळ्यांची लाज माझ्याकडे जमा.

लंकाबाईंचा प्रश्न दर रविवारी एकच. त्यांचे मालक मच्छिंद्र वीस वर्षं त्यांना गाडीवर चर्चला आणायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसायचे. गीतं सगळी पाठ. बाप्तिस्मा मात्र घेतला नाही, आणि त्याशिवाय स्वर्ग नाही असं आमच्यात बरेच जण मानतात. "आत लई गरम हुतं," म्हणायचे. दिवाळीत गेले. तेव्हापासून लंकाबाई मला सांगतात, "लिव्ह गं बाई, माझं मालक मला वर भेटतील का?"

ही चिठ्ठी हाती लागली की साहेब वाचतात, घडी घालतात, "ही पुढच्या रविवारी घेऊ," म्हणतात आणि दुसरी उचलतात. लंकाबाई मान डोलावतात. आम्ही छत बघतो.

मला सारखं वाटायचं, दुसरी चिठ्ठीच नसली तर हा माणूस काय करील?

म्हणून या रविवारी मी आठही जणांच्या चिठ्ठ्यांवर तोच प्रश्न लिहिला. नववी माझी. तिच्यावरही तोच.

साहेबांनी पहिली उघडली. "ही आपण पुढच्या..." दुसरी उघडली. तिसरी. पाचवीला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"डबा उपडा करा की साहेब," मामा म्हणाले.

कुणी हसलं नाही. लंकाबाईंना एकदम कळलं असावं. त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. साहेब टेबलामागून उठले, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मावशी, पुस्तकं चाळली मी. दोघा वडील पाळकांना फोनही केले. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या."

"आन् तुमी काय सांगता?"

साहेबांनी चष्मा काढला.

"मला माहीत नाही, मावशी."