बीप वाजवणारी फाइल

“ताई, ही फाइल कोणीच वापरत नाही वाटतं. उडवू?”

टीमलीडनं सहज विचारलं, पण ताईंनी झटकन मान वळवली. परवा ग्रंथालयांसाठीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती, म्हणून सकाळपासून दोघं मिळून जुन्या कोडची झाडझूड करत होती. एकवीस वर्षांत ताईंनी लिहिलेलं जवळजवळ सगळं एव्हाना बदललं गेलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. पण ही फाइल! त्यांच्या हातची आता एवढीच काय ती उरली होती.

“हात लावू नकोस हं तिला. ते अंध ग्रंथपाल आहेत ना, त्यांच्यासाठी लिहिलीय. पुस्तक दिलं की एक बीप, परत आलं की दोन. कानानं काम करतात ते.”

ही गोष्ट ऑफिसात कोणी ऐकली नव्हती? नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात त्याला ऐकावी लागायची. टीमलीडला तर तोंडपाठ होती.

“पण अजून वापरतात का? एक माणूस जरी वापरत असेल ना, तरी ठेवू. तुमचा शब्द पुरे.”

“वापरतात म्हणजे काय! थांब, विचारतेच.”

ताईंनी तोऱ्यातच फोन लावला. ग्रंथपालांनी आवाज लगेच ओळखला, तब्येतीची चौकशी केली. फाइलचा विषय निघाला तसे ते जरा घुटमळले.

“ते बीप होय? अहो, सहा वर्षं झाली बंद करून. आता कॉम्प्युटरच बोलतो माझ्याशी. पुस्तकाचं नाव, लेखक, सगळं सांगतो. तुम्हाला कळवणार होतो, पण जीव झाला नाही. इतक्या मायेनं केलं होतं तुम्ही.”

“इश्श, त्यात काय! उलट बरंच झालं की.”

खरंच बरं झालं होतं. तरी मेले डोळे भरून यायचे ते आलेच.

टीमलीड कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.

“काय म्हणाले? ठेवायची ना?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागत होतं. कोण जातंय तपासायला? शब्द अगदी जिभेवर आला होता.

“नाही रे. नाही वापरत कोणी.”

“मग काढतो मी.”

“तू नको. मी काढते.”

त्यांनी फाइल काढली. कारणाच्या जागी लिहिलं, ‘गरज उरलेली नाही. फोन करून खात्री केली.’ मग चाचण्या सुरू केल्या. फाइल काढल्यानं काही मोडलं असलं की पडद्यावर लाल ओळ येते. कुठंतरी काहीतरी अडावं, निदान एका ठिकाणी तरी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्याची लाजही वाटत होती.

बाराशे चाचण्या झाल्या. एकही अडली नाही.

“झकास!” टीमलीड उठला. “चला ताई, जेवून घेऊ.”

“तू हो पुढं, आलेच मी.”

तो गेल्यावर ताईंनी सगळ्या चाचण्या पुन्हा एकदा चालवल्या.