दादाचा गिअर

सत्यजीतची सायकल वर्षभर बाल्कनीत उभी होती, आणि तिचा गिअर तीन-सातवर होता.

तीन म्हणजे पुढचं सगळ्यात मोठं चक्र आणि सात म्हणजे मागचं सगळ्यात लहान. एकवीस गिअरांमधला सगळ्यात जड. हँडलच्या दोन्ही मुठींपाशी छोट्या खिडक्या होत्या. डावीकडच्या खिडकीत तीन दिसायचा, उजवीकडच्या खिडकीत सात. गेल्या वर्षी पाऊस ओसरताना एका रविवारी सत्यजीत धरणाकडच्या उतारावरून सुसाट घरी आला, सायकल भिंतीला टेकवली, अंग दुखतंय म्हणाला आणि जाऊन पडला. डेंग्यू निघाला. पुढच्या रविवारी घरात तो नव्हता. आकडे मात्र होते तिथेच होते.

त्या आकड्यांना कुणी हात लावायचा नाही, असं बाबांनी कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. ते स्वतः दर रविवारी चेन पुसायचे, तेलाचे थेंब सोडायचे, टायरमध्ये हवा भरायचे, पण पॅडल फिरवायचे नाहीत. एकदा धूळ झटकताना सत्यजीतच्या धाकट्या बहिणीचा, ऋचाचा अंगठा गिअरच्या खटक्यापाशी गेला, तर ते फक्त "तिथे नको" म्हणाले. आवाज असा की ऋचाने हात पाठीमागे लपवला, जणू गरम तव्याला लागला होता. आई म्हणायची, अहो, उभ्या उभ्या गंजेल ती, कुणाला तरी चालवू दे. बाबा ऐकून घ्यायचे आणि फडकं धुवायला टाकायचे.

गेल्या वर्षी घरात दसरा झालाच नाही. यंदा वर्षश्राद्ध उरकलं होतं, म्हणून बाबांनी सकाळीच झेंडू आणले. स्कूटर पुसली, आईची शिलाई मशीन, ऋचाची दहावीची पुस्तकं, सगळ्यांना हळदकुंकू झालं. त्याच ओघात त्यांनी सायकलही लिफ्टने खाली आणली, हार घातला, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. आणि मग हात जोडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. त्यांच्या घरची रीत पक्की होती. दसऱ्याला पुजलेलं वाहन त्याच दिवशी रस्त्यावर फिरवून आणायचं, नाहीतर पूजा अर्धी राहते. आजवर ही रीत कधी मोडली नव्हती, आणि मुलाच्या सायकलपासून ती मोडायची त्यांना छातीच होईना.

ऋचा तिथेच उभी होती. यंदा तिला कशाची म्हणून भीती वाटेनाशी झाली होती. वक्तृत्वात पहिली आली होती, गणपतीत साऱ्या सोसायटीसमोर माईक हातात घेऊन बोलली होती. मी नेते, ती म्हणाली, दादा जायचा तिथवर नेते. बाबांनी हाराची गाठ घट्ट केली.

"ने. पण जशी आहे तशीच न्यायची. गिअर बदलायचा नाही."

ऋचाने शब्द दिला. शब्द देताना तिला तो फार सोपा वाटला.

नवीन पनवेलच्या सपाट रस्त्यांवर तो सोपा होताही. सुरुवातीला पॅडल जड गेलं, पण एकदा वेग धरल्यावर सायकल अशी पळाली की हारातल्या पाकळ्या मागे उडत राहिल्या. बाबा स्कूटरवर पाठीमागून येत होते. विचुंबे गेलं, नेरे गेलं, आणि मग धरणाकडचा चढ लागला.

तिथे तिची मांडी भरून आली. ती सीटवरून उठली, साऱ्या अंगाचा भार एका पायावर टाकला, मग दुसऱ्यावर. चाक गोगलगाईसारखं सरकत होतं. रस्त्याकडेला काकड्या विकायला बसलेल्या एका मावशीने तिची ही कुस्ती पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हाणलं, "एवढं गिअर हायत ना गो पोरी? का नुसतं शोभेला लावलंस?" शेजारच्या बायका हसल्या. ऋचाही हसली असती, पण श्वासच उरला नव्हता.

अंगठा आपोआप खटक्याकडे जायचा. ती तो ओढून घ्यायची. पाठीमागे स्कूटरचा आवाज होता आणि त्या आवाजात दोन डोळे होते. वळणापाशी गुडघ्यातून कळ आली, हँडल भेलकांडलं आणि सायकल कडेच्या गवतात जाऊन आडवी झाली. ऋचा पडली नाही, पाय टेकवून उभी राहिली. बाबा धावत आले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच त्या खिडक्यांकडे. तीन. सात. त्यांचा सुटलेला श्वास तिने ऐकला.

तिला रडू आलं, आणि रडण्याआधी राग आला. चढाच्या या वळणावर दादा गाणी म्हणत जायचा. एकदा तिला डबलसीट आणलं होतं, तेव्हा तिने पाहिलं होतं.

"बाबा, या चढावर दादा या गिअरमध्ये कधीच नव्हता."

सायकल उभी करून बाबांनी हारातलं गवत काढलं. एक टेम्पो गेला, दोन मोटरसायकली गेल्या.

"मग कुठल्यात असायचा?"

"मला नक्की माहीत नाही. हलक्या कुठल्यातरी. तो म्हणायचा, एकवीसमधले तीन-चारच लागतात, पण कुठले ते रस्ता सांगतो."

"मला कधी बोलला नाही."

तुम्ही विचारलं नाही, हे वाक्य ऋचाच्या ओठांपर्यंत आलं. वक्तृत्वात पहिल्या आलेल्या मुलीने ते गिळलं.

बाबांनी एका हाताने सीट धरली आणि मागचं चाक जमिनीवरून उचललं. उभ्या सायकलचा गिअर बदलत नाही, पॅडल फिरावं लागतं. खाली वाकून त्यांनी दुसऱ्या हाताने पॅडल फिरवायला घेतलं, वर्षात पहिल्यांदा, आणि मान न उचलता म्हणाले, "दाब." ऋचाने उजवा खटका दाबला. सात गेला, सहा आला, पाच आला, मागे चेन कडाकडा वर चढत गेली. डावा खटका मात्र दाबूनही काही होईना. न हलून तार आखडली होती. मग बाबांनी चेन बोटांनी धरली आणि मोठ्या चक्रावरून लहानावर स्वतः उतरवली. बोटं काळी झाली, सणाच्या सदऱ्याला डाग पडला. त्या ओढीने तार सुटली, खिडकीतला तीन हलला आणि एक आला.

उरलेला चढ ऋचाने हळूहळू चढला. पाय भरभर फिरत होते, रस्ता सावकाश सरत होता आणि छाती दुखत नव्हती.

वर धरणाची भिंत दिसते तिथे रस्ता थोडा सपाट होतो. बाबांनी स्कूटर लावली आणि म्हणाले, दे जरा. त्यांनी आयुष्यात गिअरची सायकल चालवली नव्हती. सीट उंच पडली म्हणून ते कडेच्या दगडावरून टांग टाकून बसले. आधी झोकांडी गेली, मग सावरले. आणि मग ते पुढे जाता जाता एकेक खटका दाबायला लागले. एक, दोन, तीन, परत मागे, पुन्हा पुढे. कधी पाय हवेत फिरल्यासारखे गरगर फिरायचे, कधी पॅडल खिळल्यागत अडायचं. चेन खडखडत होती, उड्या मारत होती. त्या टोकाला पोचून ते वळले, आणि खटके दाबत दाबतच परत येऊ लागले.

ऋचा स्कूटरला टेकून ऐकत राहिली.