एका हेडफोनवर दोन बहिणी

माझ्या रेडिओला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. लागते ती फक्त शांतता. आणि आमच्या पोद्लिपा गावात शांतता मिळवणं किती अवघड आहे, हे मला तो बनवल्यावरच कळलं.

मी घड्याळजी. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल मला आजवर कधी वाईट वाटलेलं नाही. ल्युब्लियाना शहरात रेडिओ स्टेशन सुरू झालं त्या हिवाळ्यात मी सिगारच्या रिकाम्या पेटीत स्वतःच्या हातानं यंत्र जोडलं. तांब्याच्या तारेचं वेटोळं, वाटाण्याएवढा चकचकीत खडा आणि त्या खड्यावर टेकणारी केसासारखी बारीक सुई. एरियलची तार माझ्या धुराड्यापासून चर्चच्या आवारातल्या झाडापर्यंत ताणली. पाद्रीबाबांनी परवानगी दिली ती एका अटीवर. रविवारची प्रार्थना घरबसल्या ऐकून चर्चला दांडी मारायची नाही.

सुई खड्यावर नेमक्या जागी टेकली की हेडफोनमध्ये माणूस बोलायला लागतो. जागा जरा चुकली की माणूस गेला. कोणी दार आपटलं, टेबलाला ढोपर लागलं, नाक जोरात शिंकरलं, तरी गेला. म्हणून मी दारावर पाटी लावली होती, 'आत यायचं तर मांजरासारखं या.' दुसऱ्याच दिवशी खाली कोणीतरी खडूनं लिहून ठेवलं, 'म्याँव.' असलं आमचं गाव.

त्या जूनमधल्या रविवारी मी प्रार्थनेहून आलो, कोट काढला आणि हेडफोन चढवला. अकरा वाजता बँड. बाराला घंटा, आणि मग शेतकऱ्यांसाठी भाषण. मी नुकता पाय पसरून बसलो होतो, तेवढ्यात पोलोना आली. हातात पोटीत्साचे, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाचे, चार जाड तुकडे, डोक्याला सणाचा रुमाल.

"अगं, तुझ्या भाच्याचं, लव्रोचं गाणं तीन वाजता आहे. आत्ता साडेबारा वाजलेत," मी म्हणालो.

"मग काय झालं? खुर्ची धरायला आले."

"खुर्ची काय पळून चाललीय?"

"खुर्ची नाही पळत. पण 'ती' आधी येऊन बसली तर?"

'ती' म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण नेझा. दोघींची घरं शेजारी शेजारी, मध्ये एक कुंपण. आणि गेली अकरा वर्षं दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

भांडण मधमाश्यांवरून लागलं. नेझाच्या पेटीतून एक थवा उठला आणि पोलोनाच्या पेअरच्या झाडावर जाऊन लटकला. आमच्याकडे रीत अशी की थव्यावरची नजर न हटवता जो मागे धावतो, थवा त्याचा. नेझा म्हणते, मी धावले आणि नजर हटवली नाही. पोलोना म्हणते, कुंपणाशी हिचा घागरा अडकला तेव्हा हिनं खाली पाहिलं. घागरा अडकला होता हे नेझालाही मान्य होतं. प्रश्न फक्त नजरेचा. आमच्याकडे मधपेट्यांच्या दर्शनी फळीवर चित्र काढायची पद्धत आहे; पुढच्या वसंतात पोलोनानं आपल्या पेटीची फळी नवीन रंगवून घेतली. सैतान एका बाईची जीभ धार लावायच्या दगडावर घासतोय, आणि बाईच्या डोक्याला नेझाचाच निळा रुमाल. नेझानं महिन्याभरात उत्तर दिलं. तिच्या फळीवर पोळं चोरणारं अस्वल आलं, आणि अस्वलाचं नाक हुबेहूब पोलोनाचं. दोन्ही फळ्या एकाच चिताऱ्यानं रंगवल्या. त्याचं मात्र दोघींशीही छान जमायचं.

खरं सांगायचं तर भांडण थव्याचं नव्हतंच. नेझाचा मुलगा लव्रो चार वर्षांचा असताना नेझा छातीच्या दुखण्यानं दोन वर्षं दवाखान्यात पडून होती. नवरा आधीच गेलेला. पोरगा पोलोनानं सांभाळला. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नेझा बरी होऊन आली, तेव्हा पोरगा तिला 'मावशी' म्हणाला आणि पोलोनाला 'आई'. पुढे ते सुरळीत झालं म्हणा, पण तो शब्द नेझाच्या मनात रुतून बसला तो बसलाच. थवा उडायच्या आधीपासूनच ती संधी शोधत होती, असं माझं मत आहे. माझं मत कोणी विचारत नाही.

आता लव्रो ल्युब्लियानाला रेल्वेत कारकून होता आणि रेल्वेच्या गायकवृंदात गात होता. त्यानं दोघींना शब्दाला शब्द तेच पत्र पाठवलं होतं. 'रविवारी तीन वाजता आम्ही रेडिओवर गाणार. दुसरं गाणं मी एकटा गाणार आहे. फ्लोरियानकाकांकडे जाऊन ऐक.' फ्लोरियानकाका म्हणजे मी. मला वेगळी चिठ्ठी होती. 'काका, दोघींना सांभाळा.' कागदावर लिहायला काय जातंय! हेडफोन एक, आणि बायका दोन.

वाट बघताना पोलोना भाषण ऐकत बसली. विषय निघाला मधमाश्यांचा. दोन मिनिटांत ती हेडफोनशी वाद घालायला लागली.

"अरे बाबा, जूनमध्ये साखरपाणी? वेड लागलंय का तुला? पोळं आळशी होईल ना!"

"पोलोना, त्याला ऐकू जात नाही."

"त्याला ऐकू जात नाही म्हणून मी चूक ऐकून घेऊ?"

दोन वाजता नेझा आली. मांजरासारखी नाही, घोड्यासारखी. हातात मधाची बरणी. दारातच थबकली.

"फ्लोरियान, तुझ्या खुर्चीत कोणीतरी बसलंय."

"फ्लोरियान, तिला सांग, आधी येईल तो बसेल," पोलोना म्हणाली.

"तिला सांग, गाणारा माझा मुलगा आहे."

"तिला सांग, मुलाला गाणं कोणी शिकवलं ते जरा आठवून बघ म्हणावं. हेच गाणं. माझ्या अंगणात, माझ्या मांडीवर."

मी दोघींच्या मध्ये उभा. दोघींमध्ये अंतर दोन हात. सगळं दोघींना स्वच्छ ऐकू येत होतं, तरी निरोप मी पोचवायचा असा नियम. नाही पोचवला तर अपमान.

"नेझा, पोलोना म्हणते की..."

"ऐकलं मी. बहिरी नाही."

"डाव्या कानानं आहेच की," पोलोना भिंतीला म्हणाली.

ते खरं होतं. दुखण्यानंतर नेझाचा डावा कान गेला होता. मी दुसरी खुर्ची आणली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि विचार करायला लागलो. मला एक युक्ती माहीत होती. हेडफोन चिनी मातीच्या सूपच्या मोठ्या भांड्यात ठेवला की आवाज घुमतो आणि भोवतीच्या चारजणांना ऐकू येतो. आईचं भांडं काढलं, पुसलं, हेडफोन आत ठेवला. दोघींनी एकाच क्षणी डोकं आत घातलं. 'ठक्' असा आवाज झाला. भांडं वाचलं.

"फ्लोरियान, तिला विचार, डोकं आहे की उखळ?" नेझा कपाळ चोळत म्हणाली.

"तिला सांग, उखळच बरं. निदान त्यात काहीतरी घालता येतं."

आणि एवढं होऊनही नेझाला भांड्यातलं काही ऐकू येईना. ती ओठ घट्ट मिटून उजवा कान भांड्याच्या कडेला लावत राहिली. तीनला पंधरा मिनिटं उरली होती. बघता बघता तिचे डोळे भरून आले. नेझाला रडताना मी पाहिलं नव्हतं, तिच्या नवऱ्याच्या मयतीतही नाही. 

मग मी असं काही केलं जे मला कधीच करायचं नव्हतं. हेडफोनची पट्टी काढली. कानावरच्या दोन वाट्या सुट्ट्या केल्या. एक नेझाच्या हातात, एक पोलोनाच्या. अडचण तारेची. तार शेवटी जिथं दुभंगते तिथून प्रत्येक फाटा जेमतेम वीतभर. म्हणजे दोघींना डोक्याला डोकं लावून बसायला हवं. नेझाला ऐकू येतं ते उजव्या कानानं, म्हणून पोलोनानं तिच्या उजव्या हाताला बसायचं.

"नाही," नेझा म्हणाली.

"मुळीच नाही," पोलोना म्हणाली.

"ठीक आहे. मग मीच ऐकतो आणि उद्या सांगतो कसं गायला ते," मी म्हणालो आणि वाट्यांकडे हात नेला.

दोघी चटकन खुर्च्या सरकवून बसल्या. खांद्याला खांदा, डोक्याला डोकं, मध्ये दोन वाट्या. निळा रुमाल आणि पांढरा रुमाल. दोघी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळांकडे अशा बघत होत्या की जणू घड्याळांनीच त्यांना इथं जबरदस्तीनं आणलंय. मी सुई टेकवली आणि श्वास रोखून उभा राहिलो. आता मला स्वतःला काहीच ऐकू येणार नव्हतं. स्वतःचा रेडिओ, आणि मी दोन बायकांच्या तोंडांवरून कार्यक्रम ओळखणार!

पहिलं गाणं सगळ्यांनी मिळून म्हटलेलं असावं, कारण दोघींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग दोघींच्या भुवया एकदम वर गेल्या. निवेदकानं नाव घेतलं असणार. नेझाचं तोंड उघडं राहिलं. पोलोनानं डोळे मिटले. दोघी कानांत प्राण आणून ऐकत होत्या, आणि दोघींचे ओठ सारखेच हलत होते. ते गाणं मला माहीत होतं. आमच्या वरच्या कुरणांत गवत कापताना बायका म्हणतात, दव आहे तोवर कापा रे गड्यांनो, उन्हं चढली की गवत हट्टाला पेटतं.

"माझा लव्रो!" नेझा ओरडली, आणि आनंदानं तिनं टेबलावर थाप मारली.

सुई उडाली.

मी टेबलावर झेप घेतली. सुई इकडे टेकव, तिकडे टेकव. मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बसवणारा मी, पण ती एक जागा मला सापडेना.

"गेला," नेझा म्हणाली. "फ्लोरियान, गेला रे. मीच घालवला." वाटी तिनं कानाला इतकी दाबून धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

मला वाटलं, आता पोलोना बोलणार. अकरा वर्षांत एवढी आयती संधी तिला मिळाली नव्हती. मी सुईवरून नजर न काढता टोमण्याची वाट बघत होतो.

पोलोनानं टोमणा मारला नाही. तिनं भिंतीकडे बघतच, जिथं लव्रोचं गाणं तुटलं होतं तिथून पुढं म्हणायला सुरुवात केली. आवाज म्हातारा, जरासा फाटका, पण सूर पक्का. दव आहे तोवर कापा. नेझा आधी हललीच नाही. मग तिनं हळूच वाटी कानावरून काढून मांडीवर ठेवली आणि डोकं होतं तिथंच, बहिणीच्या डोक्याला टेकलेलं राहू दिलं.

तेवढ्यात मला जागा सापडली. मला दिसत होतं, सुई अगदी बरोबर बसली होती. नेझाच्या मांडीवरच्या वाटीतून डासाएवढी गुणगुण येत होती. लव्रो परत आला होता, आणि अजून गात होता.

"नेझा! अगं आला! लाव कानाला, लवकर!"

नेझानं वाटी उचलली नाही. माझ्याकडे बघून तिनं 'नाही' अशी मान हलवली.

"ऐकायचंय मला. गप्प बस. लव्रो पुढच्या महिन्यात पुन्हा गाईल. ही बया अकरा वर्षांनी माझ्यासाठी तोंड उघडतेय."

मला जरा रागच आला. अख्खा हिवाळा खपून मी ते यंत्र केलं होतं, ते पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कामाला आलं, आणि कोणी ऐकतच नव्हतं. तरी मी सुईवरचा हात मागे घेतला आणि गुपचूप स्टुलावर बसलो.

पोलोना कडवं अर्धं सोडून थांबली होती. तिनं मान वळवली. दोघींची नाकं एकमेकींना जवळजवळ लागली.

"बया कोणाला म्हणतेस गं?"

"तुला," नेझा म्हणाली. "गा आधी. मग भांडू."