खंडेनवमीचा लॅपटॉप

खंडेनवमीला काशीनाथ पाध्ये यांनी धाकट्या भावाच्या लॅपटॉपची पूजा केली आणि दसऱ्याच्या सकाळी तो लॅपटॉप सुरू होईना.

काशीनाथराव काशीतल्या एका संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवत. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर. खंडेनवमीची पूजा दरवर्षी तेच करत. विळी, अडकित्ता, पोथ्या, पत्नी अंबिकाबाईंची कंपासपेटी असं सगळं पाटावर मांडून. सत्त्याण्णव साली नवरात्रासाठी बंगळुरूहून त्यांचा भाऊ सुमंत आला होता. "दादा, माझं हत्यार हे," असं म्हणून त्यानेच आपला लॅपटॉप पाटावर ठेवला. काशीनाथरावांनी झाकणाला गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, चार अक्षता टाकल्या. पाणी शिंपडताना आपण हात आखडता घेतला होता, हे ते पुढे कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत राहिले.

सकाळी सुमंतने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, आतून बारीक घुर्र झालं आणि दिवा गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पडदा काळाच्या काळा.

"दादा, पाणी गेलं असेल का रे आत?" सुमंतने विचारलं.

काशीनाथराव झाकणावरचं गंध पुसू लागले. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असं म्हणता येत नाही, हे त्यांनी सव्वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. पण कावळा आपणच असलो की शास्त्राचा आधार जरा कमी पडतो. त्या दिवशी त्यांनी श्रीखंडही एकदाच घेतलं.

एकादशीला दीर-भावजय लॅपटॉप घेऊन लहुराबीरला गेले. तिथल्या कंप्युटरच्या दुकानात एका गृहस्थाने बटण दोनदा दाबलं, कान लावला आणि लॅपटॉप परत सरकवला.

"मदरबोर्ड गया. दिल्ली भेजना पड़ेगा. बाईस हज़ार."

"आपने खोलकर तो देखा नहीं," अंबिकाबाई म्हणाल्या.

"बहिनजी, अनुभव है."

सुमंतला याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. पुढच्या महिन्यात त्याला नव्या कंपनीत नवा लॅपटॉप मिळणारच होता. "जाऊ दे वहिनी. एवढं ओझं परत कुठे नेऊ? भंगारवाल्याला देऊन टाक," असं म्हणून तो दुपारच्या गाडीने निघून गेला.

अंबिकाबाई मुलींच्या कॉलेजात गणित शिकवत. घरातली वस्तू मेली तर त्यांची हरकत नसे, पण ती कशाने मेली हे कळल्याशिवाय तिला घराबाहेर काढायची नाही, असा त्यांचा नेम होता. त्या नेमापायी घरात दोन मुक्या घंटा, एक थांबलेलं घड्याळ आणि एक इस्त्री चौकशीच्या प्रतीक्षेत पडून होती.

"उत्तर बावीस हजार आलं," रात्रीच्या जेवणाला त्या म्हणाल्या. "पण पायऱ्या कुठे आहेत? पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिणाऱ्या मुलीला मी शून्य देते."

"बावीस मी देईन," काशीनाथराव खालमानेने म्हणाले. "पाठशाळेतून उचल घेईन."

"कशाबद्दल?"

"पाणी मी शिंपडलं ना."

"पाणी गेलं असेल तर वाळेल. शंभराच्या वर एक पैसा घालायचा नाही या डब्यावर."

वाळवायचं काम काशीनाथरावांनी स्वतःकडे घेतलं. तीन दिवस ते पाठशाळेतून आले की लॅपटॉप उघडून गच्चीत चटईवर ठेवत आणि माकडांसाठी काठी घेऊन शेजारी बसत. डोक्यावर पंचा, समोर लॅपटॉप. शेजारच्या गच्चीवरून इंदूकाकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "भाऊजी, काय घातलंय उन्हात?"

"लॅपटॉप."

इंदूकाकूंचा कान जरा जड होता. "उडदाचे का?"

"नाही हो. सुमंतचा आहे."

"असू दे. पण दुपारनंतर उलटायला विसरू नका."

काशीनाथरावांनी दुपारनंतर तो उलटलाही. तिसऱ्या दिवशी एक मोठा वानर येऊन अगदी चार हातांवर बसला आणि लॅपटॉपकडे बराच वेळ पाहत राहिला. काशीनाथरावांनी काठी उचलली, पण वानराने काही केलं नाही. तोही लहुराबीरच्या गृहस्थांसारखा न उघडताच निघून गेला.

ऊन देऊनही बटण दाबल्यावर तेच झालं. दिवा, घुर्र, अंधार.

रविवारी सकाळी अंबिकाबाई चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बसल्या. वहीत त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. दिवा लागतो, म्हणजे वीज आत जाते. घुर्र होतं, म्हणजे यंत्र जिवंत आहे. मग ते झोपतं का? सुमंत काम संपलं की झाकण मिटायचा, तेव्हाही दिवा असाच जायचा, हे त्यांनी नवरात्रात आठ दिवस पाहिलं होतं. आता झाकण उघडं असतानाही ते मिटल्यासारखं वागत होतं.

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिजचं दार उघडून उभ्या राहिल्या. काशीनाथरावांना वाटलं, दूध हवं असेल. पण त्या दाराच्या चौकटीतलं एक पांढरं बोंडूक बोटाने दाबत होत्या. दाबलं की आतला दिवा जाई, सोडलं की येई.

"अहो, दार लागलंय की नाही हे फ्रिजला कोण सांगतं?"

"कोण?"

"हे बोंडूक. याला दाबून धरलं तर दार सताड उघडं असूनही फ्रिज म्हणणार, दार बंद आहे. तसंच एखादं बोंडूक यातही असणार."

ते सापडायला पाच मिनिटं लागली. लॅपटॉपच्या झाकणाला बिजागरीपाशी एक लहानसा उंचवटा होता आणि झाकण मिटलं की तो ज्या जागी टेकायचा, तिथे खाली तांदळाएवढं भोक होतं. भोकातून काहीतरी वर यायला हवं होतं. ते आत रुतून बसलं होतं. अंबिकाबाईंनी केसातल्या आकड्याने हळूच टोकरलं. आत चिकट लागलं.

"अक्षता," काशीनाथराव मागून म्हणाले. "ओल्या कुंकवातल्या. अक्षताच असणार."

"असतील नाहीतर नसतील. मी जोर लावणार नाही, मोडेल. आपण लल्लन मिस्त्रीकडे जाऊ."

लल्लन मिस्त्रीचं दुकान गंगेपलीकडे रामनगरला होतं. अंबिकाबाईंच्या कॉलेजातलं प्रश्नपत्रिका छापायचं चक्रमुद्रण यंत्र त्याने दोनदा दुरुस्त केलं होतं आणि दोन्ही वेळा काय बिघडलं होतं ते नीट समजावूनही दिलं होतं. अंबिकाबाई माणसं ओळखत त्या अशा खुणांनी. दोघं टेम्पोने 'सामने घाट' नावाच्या घाटापर्यंत गेले आणि तिथून होडीत बसले. काशीनाथरावांनी लॅपटॉप उपरण्यात गुंडाळून मांडीवर धरला होता.

"गुरुजी, हरमुनिया बा का?" होडीवाल्याने विचारलं.

"नहीं भैया."

"तबला?"

"नहीं."

होडीवाल्याने आणखी दोन-तीन वाद्यांची नावं घेतली. मग गुरुजींचं तोंड पाहून गप्प बसला.

रामनगरची महिनाभराची रामलीला अजून चालू होती आणि तिच्यात विजेचे दिवे लावत नाहीत. त्यामुळे लल्लनच्या दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळसाठी दुरुस्तीला आलेल्या पेट्रोमॅक्सच्या बत्त्या ओळीने मांडल्या होत्या आणि तो एकेकीच्या नळीत तारेची बारीक पिन घालून काजळी काढत होता. पन्नाशीचा, सडसडीत, बोलायला सावकाश. अंबिकाबाईंना पाहून त्याने स्टूल पुसून पुढे केलं आणि उपरणं सोडून आत काय आहे ते पाहिलं.

"बहिनजी, ये चीज़ मैंने आज तक हाथ में नहीं ली," तो म्हणाला. "जो चीज़ पहली बार देखता हूँ, उसे पहले दिन खोलता नहीं."

"खोलना है ही नहीं," अंबिकाबाई म्हणाल्या आणि फ्रिजपासून सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं. पायऱ्या दाखवून.

लल्लनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग भोकाजवळ डोळा नेला. बत्ती पेटवायच्या स्पिरिटचे दोन थेंब त्याने कापसाच्या काडीवर घेतले आणि भोकाच्या कडेला लावले. पाच मिनिटं तो काहीही न करता बसून राहिला. काशीनाथराव तेवढ्यात तीनदा उठून बाहेर जाऊन आले. मग लल्लनने नवी कोरी पिन घेतली, भोकात घातली, अलगद फिरवली आणि वर काढली. टोकाला तांबूस, लिबलिबीत असं काहीतरी आलं होतं.

"कुंकू," काशीनाथराव म्हणाले.

लल्लनने ते नाकाशी नेलं. "गुलकंद."

"काय?"

"गुलकंद है, गुरुजी. कत्था भी है." त्याने पिन पुन्हा फिरवून आणखी थोडं काढलं, नखावर पसरलं आणि दुकानाच्या दारात उजेडात जाऊन पाहिलं. "और ये देखिए, सौंफ का टुकड़ा. मीठा पान है."

"चावल नहीं है? अक्षत? ठीक से देखो," काशीनाथराव म्हणाले.

"चावल होता तो चावल दिखता. पानी भी नहीं गया है. किसी ने मुँह में पान रखकर, इस पर झुककर काम किया है."

काशीनाथराव पान खात, पण साधं, जर्द्याचं. मीठं पान त्यांच्या मते पान नव्हतंच, मिठाई होती. अंबिकाबाई पानाला शिवत नसत. आणि बंगळुरूला असं पान मिळत नाही म्हणून नवरात्राचे आठही दिवस रोज दोन, चौकातून, गुलकंद जास्त घालून कोण आणवत होता, हे दोघांनाही पाठ होतं.

काशीनाथराव स्टुलावर बसले. त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांची पाठ सरळ झाली.

लल्लनने आणखी दोनदा स्पिरिट लावलं, दोनदा पिन फिरवली. तिसऱ्या खेपेला टिक् असा आवाज झाला आणि भोकातून काळं, मोहरीएवढं बोंडूक वर आलं. त्याने ते बोटाने दाबलं, सोडलं. ते पुन्हा वर आलं.

"अब आप ही दबाइए, बहिनजी."

अंबिकाबाईंनी बटण दाबलं. दिवा लागला, घुर्र झालं, आणि दिवा राहिला. पडदा आधी राखाडी झाला, मग त्यावर अक्षरं धावू लागली, मग निळं आकाश आणि ढग आले. काशीनाथरावांनी नकळत हात जोडले, मग लक्षात आल्यावर ते मागे घेतले.

"कितना हुआ?" अंबिकाबाईंनी पर्स उघडली.

"कुछ बदला ही नहीं, तो काहे का पैसा. दस रुपया दे दीजिए, पिन का."

अंबिकाबाईंनी आयुष्यभर भाव खाली आणायला घासाघीस केली होती. वर न्यायची सवय नव्हती. "दस नहीं, पच्चीस."

"नहीं बहिनजी, बहुत है."

"पच्चीस. इससे कम नहीं दूँगी."

"अच्छा, पंद्रह."

"देखो लल्लन, मैं उठकर चली जाऊँगी," अंबिकाबाई म्हणाल्या आणि सवयीने खरंच उठल्या. शेवटी पंचवीसवर जमलं. लल्लन जरा नाराजच झाला.

परत येताना चौकातल्या एसटीडी बूथवर ते थांबले. "मी बोलतो," काशीनाथराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज अंबिकाबाईंनी त्यांच्या शास्त्रार्थसभांनंतरच पाहिलं होतं. जिंकलेल्या सभांनंतर. सुमंत काय म्हणतोय ते ऐकायला त्याही काचेला टेकून उभ्या राहिल्या.

"सुमंत, तुझा लॅपटॉप चालू झाला."

"काय सांगतोस? कितीला पडला?"

"पंचवीस."

"हजार?"

"रुपये."

बिलाच्या मशीनवरचे आकडे पळत राहिले. "दादा, पण झालं काय होतं?" सुमंतने विचारलं. "पूजेचं पाणीच ना? तू मनाला लावून घेऊ नकोस हं. मी वहिनीलाही म्हटलं होतं, दादाचं वय झालं आता."

काशीनाथरावांनी तोंड उघडलं. अंबिकाबाई वाट पाहत होत्या. काशीनाथरावांनी तोंड मिटलं, मग पुन्हा उघडलं.

"धूळ होती रे. घाटाकडची. फार बारीक असते. बरं, लॅपटॉप आता वहिनीलाच राहू दे. दिवाळीला येतोस ना?"

बाहेर आल्यावर अंबिकाबाई गल्लीच्या वळणापर्यंत झपझप चालल्या. मग म्हणाल्या, "तीन दिवस उन्हात बसलात तुम्ही त्या माकडांबरोबर. आणि आज पुरावा हातात असताना धूळ?"

"बाबा गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता," काशीनाथराव चालता चालता म्हणाले. "रात्री झोपायचा नाही. मी त्याला चौकात न्यायचो आणि मीठं पान घेऊन द्यायचो. ते चघळत चघळत घरी येईपर्यंत पेंगायचा. आता त्याला सांगितलं, तर पुढच्या वेळी पान तोंडात घालताना विचार करेल. विचार करून कुणी पान खातं का?"

उपरण्यातलं ओझं अंबिकाबाईंनी नवऱ्याच्या हातातून आपल्याकडे घेतलं.

सहामाहीच्या प्रश्नपत्रिका लॅपटॉपवर करायच्या असं त्यांनी ठरवलं. सोमवारी कॉलेजातून आल्यावर त्या सरावाला बसल्या. एकेका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी चार मिनिटांत इंग्रजीत नवऱ्याचं नाव लिहिलं आणि त्यांना बोलावून दाखवलं. काशीनाथरावांनी वाकून ते दोनदा वाचलं.

"यातला 'ना' दीर्घ आहे, हे कशावरून कळायचं?"

"तुम्हाला तुमचं नाव माहीत आहे त्यावरून."

"हे प्रमाण नव्हे," काशीनाथराव म्हणाले, आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले.