गुळ्या कुणाचा

“गुळ्या, इकडे बघ. मी बघ,” दिपिका मोबाइलला म्हणाली. पलीकडे पनवेलला तिची मुलगी मिताली पिल्लासमोर फोन धरून बसली होती. पिल्लाने पडद्यावर ओलं नाक टेकवलं, कान उभे केले, आणि तेवढ्यात मागून म्हातारी हाक आली, “गुळ्या, ये रं.” पडद्यावर क्षणभर शेपटी दिसली, मग नुसती फरशी.

“आईकडे पळाला,” मिताली हसत म्हणाली.

दिपिकाने रेंज जातेय असं सांगून फोन ठेवला. चिपळूण स्टँडवरच्या विश्रांतीगृहात रेंज चांगली होती.

मितालीची ‘आई’ म्हणजे तिची आजी, हौसाबाई. दिपिका ‘मम्मी’. मिताली आठ महिन्यांची असताना दिपिकाला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली. नवरा काशिराम न्हावा शेवाच्या कंटेनरवर ड्रायव्हर, तो कधी घरी असे, कधी नसे. पोर सासूच्या मांडीवर वाढली. तीन वर्षांची असताना तापाने फणफणली तेव्हा दिपिका रजा टाकून उशाशी बसली होती, आणि पोर रात्रभर ‘आई पाहिजे’ म्हणत होती. दिपिकाने उठून सासूला जागा करून दिली. ती गोष्ट ती कुणाजवळ बोलली नाही. आता मिताली खारघरच्या कॉलेजात जात होती, तरी निकाल लागला की आधी आजीला सांगायची.

गुळ्याला म्हणूनच तिने आणलं होतं. दीड महिन्यापूर्वी, महाड स्टँडच्या कँटीनमागून, ओढणीत गुंडाळून. गुळाच्या ढेपेसारखा रंग. कुत्रं अंगणातच राहील, आपण हात लावणार नाही, असं हौसाबाईंनी बजावलं तेव्हा दिपिकाला बरंच वाटलं होतं. हा तरी आपला राहील.

आणि शिमग्याच्या जादा गाड्यांसाठी तिला पाच दिवस चिपळूणला धाडलं. पहिल्या दिवशी तिला त्याची आठवण येत होती. तिसऱ्या दिवसापासून आठवणीत त्याच्यासोबत हौसाबाई येऊ लागल्या.

ती परतली तेव्हा गुळ्याने तिच्याभोवती दोन गिरक्या घेतल्या, चपला हुंगल्या आणि जाऊन हौसाबाईंच्या पायांवर हनुवटी टेकून बसला. अंगणातलं त्याचं खोकं रिकामं होतं. आत हौसाबाईंच्या अंथरुणाशेजारी गोधडीची घडी होती आणि तिच्यावर गुळाच्या रंगाचे केस. दिपिकाने ते पाहिलं.

पुढच्या आठवड्यात तिला दोन दिवसांची महाबळेश्वरची ड्युटी लागली. तिने गुळ्याला टोपलीत घातलं आणि खारघरला हेतलकडे नेऊन ठेवलं. हेतल तिच्याच आगारातली, सुटीवर होती. घरी सांगितलं की तिची मुलं मागे लागलीत. हौसाबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता एवढंच म्हणाल्या की त्याला चपाती नको, भात द्या म्हणावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेतलचा फोन आला. पिल्लू काही खात नव्हतं, दाराच्या फटीला नाक लावून बसलं होतं. हेतलचाही त्याला लळा लागला नाही, याचा दिपिकाला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. पण ते नेमकं कुणाची वाट बघत होतं? हा प्रश्न परतीच्या गाडीत पनवेल येईपर्यंत तिला टोचत राहिला.

खारघरहून त्याला घेऊन घरी आल्यावर उत्तर मिळालं. हौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. टोपली खाली ठेवताच गुळ्याने त्यांच्या मांडीवर उडी घेतली.

“माझं म्हणून एक तरी राहू द्या ना, आत्या,” दिपिका म्हणाली. इतक्या वर्षांत सासूला असं ती पहिल्यांदाच बोलली.

हौसाबाई पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

“तू सकाली बॅग लावून निघतस,” त्या सावकाश म्हणाल्या. “चिपलून, म्हाड, म्हाबलेश्वर. येऊन सांगतस, तिकडं थंडी होती, तिकडं आंबा मोहरलाय. मी ऐकतंय. मी पनवेलच्या बाजाराम्होरं कदी गेली नाय. तुजी पोर मायेनंच वाढवली मी. पन तिला कडेवर घेऊन दारान उभी राहायची ना, तवा रोज वाटायचा, हिच्या जागी मी का नाय.”

निघताना दारातली आपली पोर तिने रोज वळून वळून पाहिली होती. पोरीला कडेवर घेणाऱ्या बाईचा चेहरा पाहिल्याचं मात्र तिला काही केल्या आठवेना. तिने आत जाऊन गुळ्याचा भात आणला आणि ताटली सासूच्या हातात दिली.

मितालीची परीक्षा संपली त्या रविवारी दिपिकाने हौसाबाईंना तयार व्हायला सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. मिताली गुळ्याला खांद्यावर घेऊन दारात उभी होती आणि गुळ्या तिच्या कानाची पाळी चघळत होता. दोघी निघाल्या तरी त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. हे दोघींच्याही लक्षात आलं.

आगारातून दिपिकाच्या ड्युटीची गाडी भरून निघाली. हौसाबाई ठेवणीतलं पातळ नेसून पुढच्या खिडकीशी बसल्या होत्या, दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून. पळस्पे फाट्यावर गाडी गोव्याच्या रस्त्याला वळली, तशी दिपिका मशीन घेऊन उठली. एकेक सीट करत त्यांच्यापाशी आली आणि सगळ्यांना विचारत होती तसंच तिने विचारलं, “कुठं?”

हौसाबाई गोंधळल्या. हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलेलाच नव्हता.

“जाईल तवर,” त्या म्हणाल्या.

दिपिकाने शेवटच्या थांब्याचं तिकीट काढून दिलं. हौसाबाईंनी ते दोन बोटांत, ओलं असल्यासारखं जपून धरलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या.