क्सेराइनोचे तीन उपयोग

क्सेराइनो हे जुनं ग्रीक क्रियापद मी कोशात घेतलं आणि घरातलं पाणी आटलं. अर्थ लिहिला, 'वाळवणे, सुकवणे'. उदाहरण दिलं, 'उन्हाने नदी सुकवली'. माठ ठणठणीत कोरडा झाला. नळ फुसफुसला आणि गप्प बसला.

आमच्या कोशाचा नियम असा, की ग्रीकांच्या वापरातली तीन उदाहरणं दिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. नियम मीच केलेला. म्हणून दुसरं लिहिलं, 'झाड मुळापासून वाळले'. कुंडीतला कढीपत्ता जागच्या जागी कुडकुडीत झाला.

"अहो, आता पुरे," शरयू म्हणाली. शरयू माझी बायको. माझी कार्डं तीच सुवाच्य अक्षरात उतरवून काढते.

"अर्धवट नोंद ठेवू? लोक काय म्हणतील?" मी खेकसलो. या बाबतीत मी हट्टी आहे, गाढव म्हणा हवं तर. तिसरं उदाहरण सांगितलं, 'त्याचा हात वाळलेला होता'. ती ते उतरवत असतानाच तिच्या हातून पेन गळून पडलं.

उजवा हात खांद्यापर्यंत वाळला. मी ओळ खोडली, कार्ड फाडलं, काही उपयोग झाला नाही. शरयूला भिजत घातली असती तर ती साबुदाण्यासारखी परत फुगली असती. शेजारच्या तांबेकाकूंकडे तांब्या घेऊन धावलो, तर त्यांच्याकडेही थेंब नव्हता. पाण्याचं उदाहरण मी कशाला आधी दिलं!

परत आलो तोवर ती कमरेपर्यंत वाळली होती.

"अर्धी ओली राहिले तर बुरशी धरेल," ती म्हणाली. "गच्चीवर घाला मला. कडकडीत वाळलेलं वर्षभर टिकतं."

"मला वर्षभर नकोयस तू. कायमची हवीस."

"आधी घाला तर."

गच्चीत जुनं धोतर अंथरून मी तिला त्यावर पसरलं. तिला वाटीभरही वजन उरलं नव्हतं. मला रडू यायला हवं होतं, पण डोळे कोरडे होते.

"दुपारी उलटा हं," ती म्हणाली. "नाहीतर एक बाजू कच्ची राहते."

दुपारी मी तिला उलटलं. तिचं तोंड खाली गेलं आणि पुढचं बोलणं मला ऐकू येईना. मी कावळे हाकलत बसलो.

चारच्या सुमारास वारा सुटला. तिची एक कड उचलली गेली. वर ठेवायला गच्चीत साधी वीटसुद्धा नव्हती, म्हणून मीच तिच्यावर आडवा झालो. धोतर फडफडलं. माझंही वजन पुरेना.